मानाचा ब्राउझर

रात्री दोनला कॉम्प्युटरनं आपण होऊन सुताचे भाव आणायचे आणि मालक येईपर्यंत एक्सेलमध्ये मांडून ठेवायचे, एवढीच अपेक्षा. सोलापुरात टॉवेलच्या कारखानदाराला चहाआधी सुताचा भाव लागतो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझ्या मित्राकडे हिशेब बघणाऱ्या पोरानं पॉवरशेलमध्ये चार ओळी लिहून ही सोय केली. दिवसा त्याच्यासमोर त्या व्यवस्थित चालल्या. रात्री शेड्यूलरनं चालवल्या की फाइल रिकामी.

"काय बे, रात्री भाव झोपतेत का?" मालकांनी विचारलं.

लॉगमध्ये तक्रार होती ती इंटरनेट एक्सप्लोररची: त्याचं इंजिन तरी नाही, नाहीतर पहिल्या वेळची मांडणी तरी व्हायची आहे. हे महाशय 15 जून 2022 लाच निवृत्त झालेले! पण विंडोजसोबत येणारं जुनं पॉवरशेल 5.1 पान आणतं आणि उलगडायला अजून यांच्याकडेच देतं. लग्नघरातले मानाचे काका असतात ना, तसं. काम शून्य, पण टॉवेल-टोपी मिळाल्याशिवाय पंगत बसू देत नाहीत. शिवाय दर मांडवात मान नवा. दिवसाच्या खात्यात पोरानं कधीतरी एक्सप्लोरर उघडून 'ओके' दाबलं होतं. रात्रीचं खातं वेगळं, तिथं काकांना कुणी विचारलंच नव्हतं.

उपाय एका शब्दाचा. आज्ञेपुढे 'यूझबेसिकपार्सिंग' लिहायचं, की काकांना वगळून मजकूर थेट हातात. 2018 साली आलेल्या पॉवरशेल 6 नं तर हा मानपानच बंद केला. आणि डिसेंबर 2025 च्या सुरक्षा अपडेटनंतर जुनं पॉवरशेल या शब्दावाचून पान उलगडायच्या आधी थांबून विचारतं, पुढं जाऊ का? दिवसा ठीक आहे. रात्री दोनला 'हो' म्हणायला कारखान्यात वॉचमनशिवाय कोण असतं?

अर्थात काका अगदीच निरुपयोगी नव्हते. पानातला तक्ता ते नीट सोडवून देत. आता कच्च्या एचटीएमएलमधून वीस काउंटच्या सुताचा आकडा पोरालाच हुडकावा लागला. त्यात त्याची अख्खी दुपार गेली.

दुसऱ्या दिवशी भाव वेळेवर आला. किलोमागं चढलेला. मालकांनी चष्मा वर केला.

"कालचं बरं होतं की बे. दिसत तरी नव्हता."