गल्ली चढली, घर उतरलं

सरकारी कागदावर आपलं नाव यावं असं वाटत असेल तर मार्ग तीन. आयएएस व्हावं, एखादा बऱ्यापैकी गुन्हा करावा किंवा झोपडपट्टीत गल्लीच्या तोंडाशी घर घ्यावं. तिसरा मार्ग सगळ्यांत स्वस्त. मुंबईतल्या कुठल्याही वस्तीतल्या कामाचं अंदाजपत्रक काढून पाहा. कामाचं नाव असतं, ‘अमुक यांच्या घरापासून तमुक यांच्या घरापर्यंत पायवाट व गटार बांधणे’. या अमुक-तमुकांच्या रेशनकार्डासाठी टाचा घासून झाल्या असतील, नळासाठी अर्ज पडून असेल, पण निविदेत त्यांचं घर म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियानं रोवलेला दगड. पुढच्या वर्षी कामाचं नाव उलटं येतं, तमुकांच्या घरापासून अमुकांच्या घरापर्यंत. गल्ली तीच. म्हणून तर दोघांनाही समान न्याय मिळतो.

मार्च हा या कामांचा सुगीचा महिना. नगरसेवकाच्या निधीची मुदत ३१ तारखेला संपते, आणि न खर्चलेला पैसा हा आपल्याकडे भ्रष्टाचारापेक्षा मोठा गुन्हा आहे. त्यामुळे होळीच्या आगेमागे गल्लीच्या तोंडाशी रेती पडते, टेम्पोतून पेव्हर ब्लॉक उतरतात आणि ठेकेदाराची माणसं कामाला लागतात. जुनी लादी उखडायची पद्धत नाही. उखडली की डेब्रिज होतं, डेब्रिज उचलायला पैसे पडतात, शिवाय खाली काय दिसेल याची धास्ती. म्हणून जुन्यावर रेती, रेतीवर ब्लॉक. फार तर वरून एक हात सिमेंटचा. पुढच्या खेपेला त्याच्यावर कोबा, कोब्यावर लादी. पाचसहाशे वर्षांनी कोणी पुरातत्त्ववाले इथं खणायला आले तर थर मोजून बिनचूक सांगतील की ही विधानसभा, ही महापालिका, आणि हा जाडसर दिसतो तो अटीतटीचा वॉर्ड असणार.

थर वर जातो तसं घर खाली जातं. कधीकाळी दोन पायऱ्या चढून ज्या खोलीत शिरत होते, तिथं आता दोन पायऱ्या उतरून जावं लागतं. दार बाहेरच्या बाजूला उघडत नाही, कारण लादी आडवी येते. मग दाराच्या फळीचा खालचा पट्टा करवतीनं कापायचा. मोरीचं पाणी गटारात जायचं सोडून गटाराचं मोरीत येतं, कारण गटार आता मोरीच्या वर आहे. पावसाळ्याच्या आधी प्रत्येक घर उंबऱ्यावर विटांचा एक थर चढवतं, म्हणजे सरकारनं एक थर टाकला की रहिवाशानं एक. याला अलीकडच्या भाषेत सार्वजनिक-खासगी भागीदारी म्हणायला हरकत नाही. जून उजाडला की पहिल्याच पावसात फ्रीज विटांवर, गादी माळ्यावर आणि घरची म्हातारी शेजारच्या वरच्या खोलीत.

अशाच एका कामावर वस्तीतल्या काकूंनी इंजिनिअरला गाठलं. “साहेब, आधी खालचं गटार मोकळं करा, मग काय ती लादी घाला.”

“काकू, गटार आमच्याकडं येत नाही.”

“मग कुणाकडं येतं? माझ्या घरात येतं.”

“तसं नाही. ही पायवाट आमदार निधीतली, म्हणजे म्हाडाच्या झोपडपट्टी सुधार मंडळाची. गटार पुढं जाऊन नाल्याला मिळतं, तो नाला महापालिकेचा. तुम्ही उभ्या आहात ती जमीन कलेक्टरची.”

“आणि मी कुणाची?”

“तुम्ही मतदार ना!” इंजिनिअर अदबीनं म्हणाला. माणूस वाईट नव्हता. त्याच्याकडं लांबी, रुंदी आणि जाडी एवढ्याच मापांचं पुस्तक होतं. खोली मोजायचा रकानाच त्यात नव्हता.

हे सगळं कुणी एकट्यानं घडवलेलं नाही, त्यामागं दीर्घ परंपरा आहे. १९७१ साली महाराष्ट्रानं झोपडपट्ट्यांसाठी कायदा केला आणि त्याच्या नावातच सुधारणा, निर्मूलन आणि पुनर्विकास असे तिन्ही शब्द घातले, म्हणजे एकाच वस्तीला सुधारायची, पाडायची आणि टॉवरमध्ये न्यायची तयारी एकाच फाइलीत. १९७६ ला झोपड्यांची गणना झाली, फोटोपास वाटले. १९८५ ला राजीव गांधींनी मुंबईसाठी १०० कोटी जाहीर केले, त्यातला मोठा वाटा धारावीला. १९९५ नंतर फुकट घराची एसआरए योजना आली आणि सुधारणेची मोठी सोय झाली. ड्रेनेजची लाइन मागायला गेलं की उत्तर तयार असतं, ‘आता एसआरए होणारच आहे, कशाला उगाच जमिनीत पैसे पुरायचे?’ एसआरए कधी होणार असं विचारलं की बिल्डर, सोसायटी, कोर्ट, संमतीचे टक्के अशी लांबलचक गोष्ट सुरू होते, आणि गोष्ट संपेपर्यंत काहीतरी करून दाखवायला हवंच, म्हणून लादी. खालचं काम होत नाही कारण टॉवर येणार आहे. वरचं काम दरवर्षी होतं कारण टॉवर येत नाही. असं बिनतोड तर्कशास्त्र न्यायशास्त्राच्या पंडितांनाही साधलं नसतं.

त्यात निधीची आता ददात नाही. खासदार निधी १९९३ ला सुरू झाला, २०११ पासून तो खासदारामागं वर्षाला ५ कोटी आहे. आमदारांचाही वाढत वाढत तेवढाच झाला. त्याशिवाय नगरसेवकाचा, दलित वस्ती सुधारणेचा, जिल्हा नियोजनाचा. २०११ च्या जनगणनेत मुंबईतली दहातली चार माणसं झोपडपट्टीत राहत होती, तेव्हा सगळ्यांचेच हात या वस्त्यांकडं वळणार यात नवल नाही. हात वळतात, फक्त जमिनीच्या खाली वळत नाहीत. त्याचं कारण मला तरी एकच दिसतं. जमिनीखाली पाटी लावता येत नाही. बारा इंची मलवाहिनी टाकली आणि बुजवली की वर उरतं काय? माती. तिच्यावर ‘यांच्या विशेष पाठपुराव्यातून’ असं कुठं लिहिणार? उलट पेव्हर ब्लॉकच्या गल्लीला कमान असते, समाजमंदिराला दर्शनी भिंत असते, बाकड्याला पाठ असते. बाकड्याच्या पाठीवरची अक्षरं तर अशी कोरलेली असतात की टेकून बसलेल्याच्या शर्टावर कार्यसम्राटांचं आडनाव उमटावं. आता ओपन जिम निघाल्या आहेत. दिवसाला चार हंडे उचलून तिसऱ्या गल्लीतून आणणाऱ्या बाईला दंडाचा व्यायाम करायला यंत्र देण्याची कल्पना ज्याला सुचली, त्याचा खरंच सत्कार व्हायला हवा.

पाण्याचंही तेच. महापालिका ठरावीक तारखेनंतरच्या झोपड्यांना नळ देत नव्हती. पाणी हक्क समिती कोर्टात गेली आणि डिसेंबर २०१४ मध्ये उच्च न्यायालयानं सांगितलं की झोपडी बेकायदा असली तरी माणसाला पाणी नाकारता येणार नाही. निकालानंतर ना हरकत प्रमाणपत्राचा खेळ सुरू झाला. जमीन रेल्वेची, विमानतळाची किंवा वनखात्याची असली की तो काही संपत नाही. पेव्हर ब्लॉकला मात्र कट-ऑफ डेट नाही. तो २००० च्या आधीच्या झोपडीपुढं बसतो, नंतरच्याही पुढं बसतो. इतका निःपक्षपाती नागरिक या शहरात दुसरा नाही.

शौचालयाच्या बाबतीत मात्र वस्तीला विचारण्याची पद्धत आहे. १९९५ नंतर जागतिक बँकेच्या पैशातून मुंबईत मलनिस्सारणाचा मोठा प्रकल्प झाला, त्यातच वस्ती स्वच्छता कार्यक्रम आला. वस्तीनं मंडळ नोंदवायचं, मोठ्या माणसामागं १०० रुपये आणि कुटुंबामागं फार तर ५०० जमवायचे, मग महापालिका शौचालय बांधणार आणि पुढं ते मंडळानं चालवायचं. कल्पना चांगली होती, हे कबूल करतो. जिथं मंडळ खरं होतं तिथं ती चाललीही. वरच्या मजल्यावर सांभाळणारं कुटुंब राहतं, दिव्याला बल्ब असतो, दाराला कडी असते आणि महिन्याचा पास काढून लोक जातात. जिथं मंडळ एकाच भाऊंच्या खिशात होतं तिथं वरच्या मजल्यावर भाऊंचं ऑफिस, खाली कुलूप आणि चावी पानाच्या टपरीवर. तरीही एक शंका राहतेच. नेपियन सी रोडच्या रहिवाशांना कोणी असं सांगितल्याचं ऐकलंय का, की आधी मंडळ नोंदवा, माणशी शंभर जमा करा, मग तुमच्या सोसायटीची लाइन जोडतो? तिथं मलवाहिनी ही मुख्य वाहिनी असते आणि लोकसहभाग म्हणजे दिवाळीची रोषणाई. लोकांचा सहभाग हवासा वाटतो तो फक्त संडास धुण्यापुरता.

पुण्यात १९९९ च्या सुमारास तेव्हाचे आयुक्त रत्नाकर गायकवाड यांनी संस्थांना आणि महिला मिलनसारख्या गटांना हाताशी धरून अशी शेकडो शौचालयं उभी केली. तिथं बायकांना आधी विचारलं, तेव्हा त्यांनी स्वतंत्र रांग मागितली आणि लहान पोरांसाठी वेगळ्या, बेताच्या उंचीच्या जागा मागितल्या. पोरं उघड्यावर बसतात कारण मोठ्यांच्या रांगेत त्यांना कोणी पुढं जाऊ देत नाही, ही गोष्ट कुठल्या पीडब्ल्यूडी मॅन्युअलमध्ये सापडेल? विचारण्याचा तेवढा फायदा होतो. म्हणूनच बहुधा विचारायचं टाळतात.

आणि न विचारता, न बघता उभ्या राहिलेल्याचं काय होतं तेही या शहरानं पाहिलंय. फेब्रुवारी २०१७ मध्ये मानखुर्दच्या इंदिरानगरात सार्वजनिक शौचालयाची जमीन खचली, सकाळी रांगेत आलेली माणसं खालच्या टाकीत पडली आणि तिघांचा जीव गेला. टाकी आतून तपासण्याचा समारंभ अजून कोणी शोधून काढलेला नाही, फीत कुठं बांधायची हाच प्रश्न असणार.

लोकांना विचारावं असा कायदाही आहे बरं. शहरांसाठीच्या केंद्राच्या नेहरू अभियानाचा पैसा हवा तर नागरिकांच्या सहभागाचा कायदा करा, अशी अट होती. महाराष्ट्रानं २००९ मध्ये क्षेत्रसभांची तरतूद केली. गावात ग्रामसभा तशी शहरात क्षेत्रसभा, मतदारांनी बसून कामं सुचवायची. पैसा मिळेपर्यंत कायदा हवा होता, सभा हव्या आहेत असं कोण म्हणालं होतं? मी जिथं जिथं चौकशी केली तिथं क्षेत्रसभा या शब्दावर लोकांनी ‘कुठलं क्षेत्र, नाशिक की त्र्यंबक?’ एवढंच विचारलं.

कोणी म्हणेल, दोष नगरसेवकांचा. पण ७ मार्च २०२२ ला मुंबईच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि प्रशासकाचं राज्य आलं. तारीखही पाहा, मार्चचीच. त्या काळात वॉर्डात निवडून आलेला माणूस नव्हता, सभागृह नव्हतं, स्थायी समिती नव्हती; तरी गल्लीत रेती पडली, टेम्पो आला, ब्लॉक बसले. उद्घाटनाला तेवढे दुसरे हात आले. पेव्हर ब्लॉकला लोकशाहीची गरज लागत नाही, हा या शहरानं राज्यशास्त्राला दिलेला शोध आहे आणि कुठल्याही विद्यापीठानं अजून त्याची दखल घेतलेली नाही.

आता राहता राहिला घराचा प्रश्न. गल्ली वर चालली तर घरही वर न्यावं, जोतं भरावं, छप्पर उचलावं, असा विचार एखादा करतो. तर महापालिका झोपडीला १४ फुटांच्या वर चढू देत नाही. त्यावर इंच दिसला की पथक येतं, टेप लावतं, नोटीस देतं आणि नोटिशीतून जे काही पुढं व्हायचं ते होतं. म्हणजे जमीन सरकारी पैशानं वर येते, छप्पर सरकारी नियमानं जागच्या जागी, आणि मधल्या दिवसागणिक कमी होत चाललेल्या जागेत सहा माणसं, एक गॅस, एक शिलाई मशीन.

आमच्या काकूंनी यातूनही वाट काढली. त्यांच्या माळ्याला गेल्या खेपेला नोटीस आली होती, चौदा फुटांवर सात इंच जास्त. परवा पथक पुन्हा आलं. मुकादमानं गल्लीतल्या नव्याकोऱ्या लादीवर टेपचं टोक टेकवलं, वर पत्र्यापर्यंत नेलं आणि दोनदा वाचलं. तेरा फूट अकरा इंच.

“बसलं की नियमात!” काकू म्हणाल्या. “पुढच्या मार्चला अजून एक थर टाकायला सांगा साहेबांना, लेकाच्या लग्नासाठी वरती एक मोरी काढायची आहे.”