कोरड्या नळाचा दांडगा अनुभव

आमच्या जावयांनी मिनेसोटात गाडीमागे जोडून ओढायचं घर घेतलं आहे. त्यात ओटा आहे, न्हाणी आहे, गिझर आहे, आणि बुलडाणा जिल्ह्यातल्या घाटाखालच्या माणसाला न पटणारी एक गोष्ट आहे : तोटी सोडली की पाणी येतं. उन्हाळाभर हे घर तळ्याकाठी उभं करायचं. तळ्यांना तिथं तोटा नाही. 'दहा हजार तळी' असं त्यांच्या मोटारींच्या नंबरप्लेटवरच छापलेलं असतं. आपल्या जिल्ह्यानं हा थाट करायचा म्हटला तर लोणारचं एक सरोवर पुढं करता येईल, आणि तेही पिण्याच्या उपयोगाचं नाही.

आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो होतो. ऑक्टोबर लागला तसे जावई म्हणाले, "बाबा, शनिवारी ट्रेलरमधलं सगळं पाणी काढायचंय. याल का मदतीला?"

मी खारपाणपट्ट्यातला माणूस. आमच्याकडे बोअरला जे लागतं, ते ओलं असतं म्हणून त्याला पाणी म्हणायचं. गोड पाणी नळाला येतं, पण पाहुण्यासारखं, कधी ते न कळवता. "नळ आले!" अशी हाळी गल्लीतून उठली की माणसं देवपूजा अर्धी सोडतात. टाकी, ड्रम, घागरी, पातेली भरून झाली की शेवटी चहाचे कप भरतात. अशा गावात हयात काढलेल्या माणसाला भरलेली टाकी ओतून द्यायला बोलावणं म्हणजे माळकऱ्याला बोकड कापायला बोलावण्यातला प्रकार.

कारण मात्र बिनतोड होतं. विज्ञान मी शाळेत शिकवलंय. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं, आणि मिनेसोटाच्या हिवाळ्यात पारा शून्याच्या खाली 20-25 अंश सहज उतरतो. मग पाईप, पंप, तोट्या, जे काही पाण्याला अडवेल ते तडकतं. ते तडकल्याचं कळतं एप्रिलमध्ये, पाणी भरल्यावर, आणि तेही पलंगाखालून. खाऱ्या पाण्याला गोठायला शून्याच्याही खाली जावं लागतं. संग्रामपूरकडचं बोअरचं पाणी भरून ठेवा, असं सुचवणार होतो. पण त्याच्या खारेपणानं फरक पडेल तो नावालाच, म्हणून गप्प राहिलो.

आधी टाकीचं बूच निघालं. पाणी हिरवळीवर धो धो सुटलं आणि बायको घरातून बादली घेऊन धावत आली. "गजानन महाराजांनी अकोलीच्या कोरड्या विहिरीला पाणी आणलं, अन् तुम्ही भरली टाकी रिती करून राहिले!" शेगावचा दाखला दिल्यावर जावयांनीही हात जोडले आणि बादली भरून दिली.

मग गिझर. तो आदल्या रात्रीच बंद करून ठेवला होता. गरम आणि दाबाखाली असताना बूच काढलं तर पाणी थेट तोंडावर येतं. त्याच्या पोटात 6 गॅलन, म्हणजे जवळजवळ 23 लिटर. तो रिकामा करून तीन तोट्या फिरवल्या, की नंतर भरायचं न गोठणारं औषध त्याच्या पोटात न जाता परस्पर पुढं सरकतं. इथवर मी नुसता प्रेक्षक होतो.

माझा काळ आला तो कॉम्प्रेसर लावल्यावर. हवा 40 पौंडाच्या वर द्यायची नाही आणि एकेक तोटी सोडायची. फुस्स, खर्र, फुस्स. हा आवाज मी जन्मभर ऐकलाय! आमच्या गावात नळाला आधी हवाच येते, भरपूर आणि विनामूल्य. जावयांनी तोटी बंद करायला हात घातला, तसा मी म्हणालो, "थांबा. आवाज ओला आहे." पुन्हा हवा सोडली, भांडंभर पाणी निघालं. ते माझ्याकडे बघत राहिले. मग मी बाहेरच्या बाजूचा फवारा दाखवला, जो ते विसरले होते. शेवटचं पाणी नेहमी उताराच्या तोटीला असतं. आमच्याकडे स्थळ बघताना उताराच्या आळीतलं घर म्हणजे निम्मं जमलेलं लग्न.

नंतर आलं ते औषध : गुलाबी. मोटारीत घालतात ते वेगळं आणि विषारी. हे प्रोपिलीन ग्लायकॉल, पिण्याच्या पाण्याच्या पाईपात चालणारं. पंपानं ते ओढून घेतलं आणि गरम, थंड दोन्ही तोट्यांतून गुलाबी धार येईपर्यंत थांबलो. बेसिनच्या मोरीत आणि संडासातही पेला-पेला ओतायचं, कारण तिथल्या वाकड्या पाईपात पाणी दडून असतं. जून 2020 मध्ये लोणार असंच गुलाबी झालं होतं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संस्थेनं मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांकडे बोट दाखवलं. मी हे जावयांना सविस्तर सांगितलं. बायकोनं फक्त बाटलीची किंमत विचारली आणि रुपयांत आकडा कळल्यावर म्हणाली, "म्हणजे पाणी फुकट होतं ते सांडलं, अन् पाणी नाही ते विकत आणून भरलं."

टाकीच्या पाण्याची ती बादली ओट्यावर ठेवली तर कुणी ओतून देईल म्हणून तिनं मागच्या दारी, बाहेरच ठेवली होती. रात्री कडाक्याची थंडी पडली. सकाळी बघतो तर वर बर्फाचं जाड झाकण आणि त्यात मगा रुतलेला, दांडी तेवढी वर. जावयांनी मला हळूच खूण केली : आता आईंना पटेल. बायकोनं मगा हलवून पाहिला, हलेना. तिचा चेहरा खुलला.

"बरं झालं," ती म्हणाली. "आता सांडायची भीती नाही."