लीग बदलण्याचा शास्त्रोक्त विधी

अमेरिकेत तुमचा मुलामुलींचा सॉकर क्लब असेल आणि सलग तीन मोसम तुम्ही एकाच लीगमध्ये खेळत असाल, तर सावध व्हा. मैदानाच्या कडेला फोल्डिंग खुर्च्या टाकून बसणारे पालक कुजबुजायला लागले असतील. शेजारच्या गावातला क्लब 'वर' गेला, आपले संचालक करतात तरी काय, अशी ती कुजबूज असते. अशा संचालकांच्या सोयीसाठी हे मार्गदर्शन.

लीग बदलण्याचा आणि सामने जिंकण्या-हरण्याचा संबंध आहे, हा गैरसमज आधी डोक्यातून काढावा. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये तळाच्या तीन टीम दरवर्षी खालच्या श्रेणीत जातात. ती त्या लोकांची रीत. अमेरिकेत खुद्द मेजर लीग सॉकरमधून कुणी खाली जात नाही, मग बारा वर्षांच्या पोरांवर ही वेळ कशाला? इथे वरची लीग अर्ज करून मिळते. हा सगळा प्रकार स्थळ पाहण्यासारखा असतो. मैदानं स्वतःची की भाड्याची, दिवे आहेत का, परवानाधारक कोच किती, सगळ्या वयोगटांच्या टीम भरतात का, याची बारकाईने चौकशी होते. टीम खेळते कशी हेही विचारतात. पण पूर्वी मुलीला गाता येतं का असं विचारायचे, तसं. उत्तरावर फारसं काही अडत नाही.

ही व्यवस्था भारतातल्या आजी-आजोबांना समजावण्याच्या भानगडीत मात्र कुणी पडू नये. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळाचे सामने बघत ज्यांचं आयुष्य गेलं, ते कोल्हापूरचे आजोबा व्हिडिओ कॉलवर नातवाला सरळ विचारतात, "लीग बदलली? म्हंजे हारलासा व्हय रं?" नाही आजोबा. "मग जिकलासा?" तेही नाही. यापुढे संभाषण हवामानावर न्यावं.

संचालकाला थोडा इतिहास यावा, कारण इतिहास हाच या धंद्याचा विमा आहे. अमेरिकन फेडरेशनने २००७ मध्ये स्वतःची डेव्हलपमेंट अकॅडमी काढली. मुलांचं सर्वोच्च व्यासपीठ हेच, असं ठरलं. मुलींसाठी २००९ पासून ईसीएनएल ही लीग होतीच, तरी २०१७ मध्ये अकॅडमीने मुलींचाही विभाग उघडला, आणि त्याच वर्षी ईसीएनएलने मुलांचा. मग काही क्लब मुलींना घेऊन इकडून तिकडे गेले, त्यातले काही दोन-तीन वर्षांत तिकडून इकडे आले. १५ एप्रिल २०२० रोजी, कोविडच्या ऐन धामधुमीत, फेडरेशनने अकॅडमीच बंद केली. त्याच वर्षी मुलांसाठी एमएलएस नेक्स्ट उभी राहिली आणि मुलींसाठी गर्ल्स अकॅडमी. शिवाय एनपीएल, डीपीएल, एलिट ६४, ईडीपी ही मंडळी आहेतच. यातून संचालकाने एवढंच घ्यावं की लीगचा बिल्ला जर्सीच्या बाहीवर कायमचा शिवू नये. वेल्क्रो लावावं.

आता मुख्य विधी, म्हणजे घोषणा. मुहूर्त ट्रायआउटच्या आधीचा धरावा, म्हणजे दुसऱ्या क्लबची मुलं बिल्ल्याच्या ओढीने येतात. बातमी वाईट असेल, म्हणजे लीगनेच तुम्हाला नारळ दिला असेल, तर मात्र सगळ्या पालकांनी ऑफर स्वीकारून अनामत भरेपर्यंत थांबावं आणि शुक्रवारी संध्याकाळी ईमेल सोडून फोन बंद करावा. मजकूर दोन्ही प्रसंगी एकच चालतो. 'कळवण्यास अत्यंत आनंद होतो' इथून सुरुवात करावी. 'पाथवे' हा शब्द तीनदा यावा, 'प्लॅटफॉर्म' दोनदा. मुलांचा विकास केंद्रस्थानी आहे असं एकदा म्हणावं, जास्त वेळा म्हटलं तर लोक विचार करू लागतात. सोडलेल्या लीगचं नाव चुकूनही घेऊ नये. गेल्या वर्षी याच दिवसांत तिचा उल्लेख तुम्ही 'देशातली सर्वोत्तम' असा केला होता, आणि तो ईमेल जपून ठेवणारा एक पालक प्रत्येक टीमला असतो. बहुधा तो मॅनेजरच असतो. सोबत काळ्या पार्श्वभूमीवर सोनेरी अक्षरांचं एक चित्र जोडावं. त्यात हाताची घडी घातलेला गंभीर मुलगा हवा. चेंडू असलाच पाहिजे असं नाही.

श्रेणीच्या बाबतीत अधिक कसब लागतं. क्लबची पहिली टीम वरच्या लीगमध्ये गेली की दुसरीचं काय, हा प्रश्न उरतो, आणि क्लबचा खर्च निघतो तो प्रामुख्याने या दुसऱ्या-तिसऱ्या टीमच्या फीमधूनच. म्हणून कोणत्याही टीमला 'ब' म्हणायचं नाही. काळी, निळी, सोनेरी असे रंग वापरावेत. या कामात मोठ्या लीगनी घालून दिलेला धडा गिरवण्याजोगा आहे. एमएलएस नेक्स्टने २०२५-२६ च्या मोसमात दुसरी श्रेणी आणली तेव्हा वरच्या श्रेणीला 'होमग्रोन' नाव दिलं आणि नव्या श्रेणीला 'अकॅडमी'. आता यातली वरची कोणती, हे नुसत्या नावावरून ओळखून दाखवा! ईसीएनएलने आपल्या खालच्या श्रेणीला 'रीजनल लीग' म्हटलं, म्हणजे आद्याक्षरं तीच राहिली आणि मागे दोन अक्षरं वाढली. एडिसनच्या गणपतीत आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत एखादे बाबा 'आमची सई ईसीएनएल खेळते' म्हणतात, तेव्हा शेवटची दोन अक्षरं मोदकाबरोबर गिळली जातात. समोरच्यांनी उलटतपासणी करू नये. त्यांचाही मुलगा निळ्या टीममध्येच असतो.

असे पालक साधे नसतात. कोणत्या लीगमध्ये शाळेच्या टीमकडून खेळता येतं (ईसीएनएलमध्ये येतं, होमग्रोनमध्ये सहसा नाही), दहावीनंतरच्या १५ जूनपासून कॉलेजचे कोच मुलांशी थेट बोलू शकतात, तोवर कुठल्या शोकेस स्पर्धेत त्यांच्या नजरेस पडावं, याची त्यांच्याकडे रंगीत एक्सेल शीट असते. तिच्याशी वाद घालू नये. फक्त प्रवासाचा रकाना आपण भरावा. लीग जितकी वरची, तितका सामना लांब, हे तत्त्व पालकांना मनापासून पटलेलं आहे. दहा मिनिटांवरच्या गावातल्या टीमशी तिथेच खेळलं तर तो सराव वाटतो. त्याच टीमशी व्हर्जिनियात, आयोजकांनी सक्तीने नेमून दिलेल्या हॉटेलात दोन रात्री काढून, सकाळी आठला कृत्रिम गवतावर खेळलं की ती स्पर्धा होते. परतताना दोन्ही टीम एकाच महामार्गावर एकाच ट्रॅफिकमध्ये अडकतात आणि मुलं काचेतून एकमेकांना वाकुल्या दाखवतात. त्यांची शाळा एकच असते.

कोणी धाडस करून विचारलंच की लीग बदलून खेळ सुधारला का, तर २०२६-२७ च्या मोसमाकडे बोट दाखवावं. २०१६ च्या सुमारास वयोगट जन्मवर्षावर नेले, म्हणजे १ जानेवारीपासून मोजायला लागले. आता बहुतेक संघटना १ ऑगस्टची रेघ आखत आहेत, एमएलएस नेक्स्टची होमग्रोन श्रेणी सोडून. साऱ्या टीम एकदम मोडणार, नव्याने जुळणार. जुन्या टीमची नव्या टीमशी तुलना पुढे कोणालाच करता येणार नाही. अशी संधी संचालकाच्या कारकिर्दीत क्वचित येते. तिच्या आड निदान दोन लीग बदलून घ्याव्यात.

नव्या लीगचं वेळापत्रक आलं की ते पालकांच्या आधी स्वतः वाचावं. शेजारच्या क्लबनेही हेच मार्गदर्शन वाचलेलं असल्यामुळे दहापैकी सात प्रतिस्पर्धी गेल्या वर्षीचेच निघतील. त्यांच्या नावांपुढे नवा बिल्ला छापून वेळापत्रक पुन्हा पाठवावं. कुंपणावरचा जुन्या लीगचा मोठा बॅनर उतरवताना दोऱ्या कापू नयेत, सोडवून घ्याव्यात, आणि तो गुंडाळून कोरड्या जागी ठेवावा. त्या लीगचा माणूस मार्चमध्ये फोन करणार आहे.