व्याजासकट परतफेड

आजचा कोल्हापूरकर अमेरिकेचं एखादं शहर बघून आला की आधी तिथल्या गुळगुळीत रस्त्यांचे गोडवे गातो आणि मग तांबड्या रश्श्यावाचून काढलेल्या दिवसांचं रडगाणं लावतो. गोपाळराव जोशांचं बेणंच वेगळं! बायकोला शिकवायला अमेरिकेत मदत मिळेल का, असं त्यांनी कोल्हापुरातून मिशनऱ्यांना विचारलं होतं. उत्तर आलं: ख्रिस्ती व्हा. तरीही आनंदीबाई १८८३ साली नवऱ्याविना फिलाडेल्फियाला गेल्या, १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. मागाहून पोचलेल्या गोपाळरावांनी मात्र शहराचं कौतुक करण्याऐवजी व्याख्यानं ठोकून अमेरिकनांचेच दोष काढले. पाहुणा म्हणून जायचं आणि यजमानाला सुधारायचं, हा मक्ता तोवर मिशनऱ्यांकडे होता!