पाहुणे, कुणाकडे?

फिरतीच्या नोकरीत माणूस दिवसभर हलत असतो आणि त्यातलं एक पाऊलही त्याचं स्वतःचं नसतं. चिपळूणला रेल्वेतून उतरायचं, गुहागरची एसटी धरायची, तिथून अंजनवेल. पोहोचेपर्यंत घोटे सुजून चपलेचे पट्टे रुतायला लागतात. पोटरीचे स्नायू आवळले की पायातलं रक्त वर ढकललं जातं. पण बसल्या जागी पोटऱ्या आवळणार कोण?

त्याच एसटीत कंडक्टर मात्र गर्दीतून वाट काढत, वळणावर तोल सावरत पुढून मागे ये-जा करत असतो. जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसवरचे ड्रायव्हर आणि कंडक्टर तपासून १९५३ साली दाखवून दिलं, की जिने चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो. पुढे त्यांनी गणवेशाची मापंही काढली, तर ड्रायव्हरांच्या विजारी कमरेत आधीपासूनच मोठ्या मापाच्या! म्हणजे सीटमुळे पोट सुटतं, की सुटलेलं पोट सीट शोधत येतं, हा वाद राहिलाच. मी प्रवासी, माझी गणना ड्रायव्हरांत, तीही स्टिअरिंगशिवाय.

माझ्या चाळिशी ओलांडलेल्या गुडघ्यांना धावणं, उड्या मारणं सोसत नाही. उरतं ते बेताचं: दात घासताना टाचा उचलायच्या, खुर्चीतून हात न टेकता उठायचं, भिंतीला तळवे लावून तिला मागे रेटायचं (लॉजची भिंत असेल तर जपून). औंधच्या पंतप्रतिनिधींनी संस्थानातल्या शाळाशाळांतून सूर्यनमस्कार घालून घेतले, पण शाळेला पटांगण असतं. माझ्या खोलीत साष्टांग घातला की डोकं पलंगाखाली आणि पाय न्हाणीघरात.

म्हणून चालणं. अंजनवेलचा वीज प्रकल्प २००५ पासून रत्नागिरी गॅस अँड पॉवरचा आहे. गावात पत्ता विचारला तर अजूनही 'एन्रॉन' या जुन्या नावानेच सांगतात. तिथलं काम आटपलं की संध्याकाळ मोकळी. खाडीकाठच्या वस्तीतून सड्यावर चढलं की गोपाळगड, आणि पुढे टाळकेश्वराचं देऊळ व दीपगृह. पाखाडी चढताना धाप लागते, पण गुडघ्यांची खरी तक्रार उतरताना. प्रत्येक पायरीला सगळा भार मांडीच्या स्नायूंनी अडवून धरायचा असतो, त्याचा दाब गुडघ्याच्या वाटीवर येतो. त्यामुळे मी चढतो पाखाडीने आणि उतरतो लांबच्या, सावकाश उताराच्या डांबरी रस्त्याने. तिथेच घरं जास्त, आणि प्रत्येक घराला पडवी.

"पाहुणे, कुणाकडे?"

"कुणाकडे नाही, असाच चालतोय."

हे उत्तर कोकणात चालत नाही. असाच चालणारा माणूस एकतर जमीन बघायला आलेला असतो, नाहीतर घरून भांडून निघालेला. मग खरं कारण सांगून पाहिलं. जपानमध्ये १९६५ साली पावलं मोजायचं एक यंत्र विकायला काढलं, त्याच्या नावातच दहा हजार पावलं होती. तो आकडा आज जगाच्या मनगटावर बसलाय. पण पडवीतल्या आजोबांना मी "दहा हजार करायचेत" असं सांगितल्यावर त्यांनी विचारलं, "रुपये?"

आता मी कारण घेऊनच निघतो. "टाळकेश्वराला" म्हटलं की माणसं समाधानाने मान हलवतात. देवाला जाणाऱ्याच्या पोटाचा घेर कुणी बघत नाही, आणि मांडीच्या स्नायूंनाही तुम्ही देवासाठी चढलात की कोलेस्टेरॉलसाठी, ते कळत नाही. उपाय अगदी चोख होता. फक्त कारण एकदा सांगितलं की ते सगळ्या गावाचं होतं, हे ध्यानात घ्यायला हवं होतं.

"रोज वर जाताच, तर जाता जाता आमच्या वन्संकडे एवढी आमसुलं द्या," असं म्हणत एका काकूंनी परवा पिशवी हातात दिली. वन्संनी आमसुलं हुंगून पाहिली, ठीक असल्याचा निर्वाळा दिला आणि परतभेट म्हणून चार नारळ घातले, असोले. दोन्ही हातांत दोन-दोन घेतले म्हणजे खांद्यांवर भार सारखा येतो आणि कंबर वाकडी होत नाही. तेवढं शास्त्र मला ठाऊक होतं. चालण्यात वजन उचलण्याचीही सोय झाली. काकूंनी नारळ मोजून घेतले आणि उद्या किती वाजता निघणार, तेही विचारून ठेवलं. वन्संना फणस पोचवायचाय म्हणे.