निशाणी डावा अंगठा

शिक्का मिळवायला कचेरीत चपला झिजवणं आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात लोक त्यासाठी मुद्दाम महागाचे बूट घेतात. डार्टमूर नावाच्या उघड्याबोडक्या माळरानावर कुठल्यातरी दगडाखाली एक डबा दडवलेला असतो. डब्यात रबरी शिक्का आणि एक वही. डबा हुडकायचा, शिक्का आपल्या वहीत उमटवायचा, आपला खासगी शिक्का डब्यातल्या वहीत मारायचा आणि सगळं होतं तस्सं दडवून परतायचं. याला लेटरबॉक्सिंग म्हणतात.

तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले आमचे मामा तेव्हा एक्सेटरला लेकीकडे आले होते. मीही टपकलो होतो. शलाका म्हणाली, "बाबा, रविवारी शिक्के मारायला जायचं का?" मामांच्या चेहऱ्यावर निवृत्तीनंतर प्रथमच तेज दिसलं.

गाडीत शलाकाने पूर्वपीठिका सांगितली. 1854 साली चॅगफर्डच्या जेम्स पेरट या वाटाड्याने क्रॅनमिअर पूल नावाच्या आडबाजूच्या दलदलीत एक बाटली ठेवली. तिथवर पोचणाऱ्याने आपलं कार्ड त्यात टाकायचं. पुढे लोक स्वतःचाच पत्ता घातलेली पोस्टकार्डं ठेवू लागले. मागून येणाऱ्याने ती नेऊन टपालात टाकायची.

"म्हणजे आवक-जावक चोख होती," मामा म्हणाले. "मग तिथेच जाऊ."

"तिकडे लष्कराचा गोळीबाराचा सराव चालतो. लाल निशाण असलं की जायचं नाही. आपण हाउंड टॉरला जाऊ."

मामांनी हाउंड टॉरला तत्काळ मंजुरी दिली.

टॉर म्हणजे टेकडीच्या माथ्यावर कुणीतरी रचून ठेवल्यासारखे ग्रॅनाइटचे खडक. शलाकाकडे डब्याचा पत्ता होता : हेटॉर 142 अंश, चिंकवेल टॉर 241 अंश, तिरप्या खडकापासून आठ पावलं. होकायंत्र धरून फिरत राहायचं आणि दोन्ही आकडे एकदम जुळतील तिथे थांबायचं. हेटॉर जुळला की चिंकवेल घसरायचा. तिरपा नसलेला खडक त्या उतारावर एकही नव्हता. आणि आठ पावलं कुणाची? शलाकाची, माझी आणि मामांची आठ पावलं तीन वेगवेगळ्या ठिकाणी संपली.

"चतुःसीमा नीट लिहिलेली नाही," मामांनी शेरा मारला. "असा कागद मी परत पाठवला असता."

जवळच मध्ययुगातल्या ओसाड गावाचे दगडी अवशेष आहेत. मामा तिकडे वळले तसं शलाकाने त्यांना अडवलं. पुरातन अवशेषांत आणि बांधांत डबा ठेवायचा नाही, असा दंडक आहे.

"गावठाण वगळून," मामांनी नोंद घेतली.

एवढ्यात धुकं आलं आणि दोन्ही डोंगर नकाशापुरते उरले. शलाका म्हणाली, इथले पिक्सी नावाचे बुटके माणसाला चकवा लावतात. कोट उलटा घातला की सुटका होते. मामांनी अंधश्रद्धेवर पाच मिनिटं भाषण दिलं. धुकं निवळलं तेव्हा त्यांच्या रेनकोटाचं अस्तर बाहेर होतं.

अखेर एका कपारीत कोपरापर्यंत हात घालून मामांनी गोळ्यांचा प्लॅस्टिकचा डबा ओढून काढला. आत शिक्का, त्यावर घोड्याचं चित्र.

"शिक्का असा उघड्यावर? ना कुलूप, ना शिपाई!" मामा हादरले. मग त्यांनी आमच्या पॅडवर शिक्का टेकवला, बेताची फुंकर मारली आणि असा दाब दिला, की घोड्याच्या आयाळीचा केसन् केस उमटला. असे शंभर ठसे जमले की हंड्रेड क्लब नावाच्या मंडळात जाता येतं, हे कळल्यावर मामा म्हणाले, "शंभर? मी जेवणाच्या सुट्टीआधी मारायचो."

आता डब्यातल्या वहीत आमचा शिक्का हवा होता, आणि तोच आमच्याकडे नव्हता. मामांनी क्षणभर विचार केला, डावा अंगठा पॅडवर दाबला, वहीत उमटवला आणि शेजारी लिहिलं, 'निशाणी डावा अंगठा'. मी साक्षीदार म्हणून सही करायला पेन उघडलं.

"नातेवाईक चालत नाही," मामा म्हणाले.

तेवढ्यात कुत्रा फिरवायला निघालेला एक वयस्कर इंग्रज वर आला. मामांनी त्याला थांबवलं, वही पुढे केली आणि बोटाने जागा दाखवली. त्याने निमूटपणे सही केली. मामांनी ती चष्मा वर करून तपासली आणि वही त्याच्याकडे परत सरकवली. वय आणि धंदा लिहायचा राहिला होता.