बाटलीतल्या जाती

जनुकं बदलून हवं तसं मूल घडवावं का, हा विषय निघाला की सुशिक्षित मराठी घरात लगेच दोन साक्षीदार उभे केले जातात. एक १९९७चा ‘गॅटाका’ हा सिनेमा आणि दुसरी ऑल्डस हक्स्लीची १९३२ची ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’. सिनेमा बऱ्याच जणांनी पाहिलेला असतो. कादंबरी फारशी कोणी वाचलेली नसते, पण ती जनुकांच्या खेळावर आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं.

हक्स्लीच्या कादंबरीत जनुकाला कोणी कात्री लावत नाही. लावणार कशी? डीएनएची रचना उलगडली १९५३ साली. कादंबरीत लंडनच्या कारखान्यात गर्भ बाटल्यांत वाढतात आणि पट्ट्यावरून सरकत जातात. अल्फापासून एप्सिलॉनपर्यंत पाच जाती, म्हणजे आपल्या चातुर्वर्ण्यापेक्षा एक जास्तच. वरच्यांसाठी बीज पारखून घेतात हे खरं, पण खालच्यांना खाली ठेवायची युक्ती अगदी स्वस्त आहे. जात जितकी खालची, तितका बाटलीला ऑक्सिजन कमी. गर्भाची उपासमार केली की पुढचं काम आपोआप होतं. मोठेपणी कुरकुर नको म्हणून झोपेत धडे देतात, तो वरखर्च.

हक्स्लीने ही कल्पना केली आणि इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनने तिचं मोजमाप केलं. टायटॅनिक सुटली तेच हे बंदर, त्यामुळे वरचे मजले आणि खालचे मजले या भानगडी इथे कोणाला समजावून सांगाव्या लागत नाहीत. इथे डेव्हिड बार्कर नावाचे डॉक्टर होते. हर्टफर्डशायर परगण्यात १९११पासून सुइणी आणि घरोघर फिरणाऱ्या परिचारिका बाळांची जन्माची आणि पहिल्या वर्षाची वजनं वह्यांत टिपून ठेवत. बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्या वह्या सापडल्या. त्यांतल्या ५,६५४ पुरुषांचा माग काढून १९८९ साली त्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये छापलं, की बाळपणी वजनात जे सगळ्यात खाली, ते पुढे हृदयविकाराने मरण्यात सगळ्यात वर.

मग हीच मोजपट्टी आपल्याकडे आली. १९९३ साली पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि साउथहॅम्प्टनच्या डॉ. कॅरोलिन फॉल यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा अभ्यास सुरू केला. त्या काय खातात, किती राबतात, बाळ केवढं होतं. बाळ जन्मलं की वजन, डोक्याचा घेर, दंड, पोट, आणि पाठीवर खांद्याच्या हाडाखालची कातडी चिमट्यात धरून तिची जाडी. तीच मापं साउथहॅम्प्टनच्या प्रिन्सेस ॲन हॉस्पिटलात जन्मलेल्या गोऱ्या बाळांची. साउथहॅम्प्टनची आई सरासरी ६४ किलोची, बाळ साडेतीन किलोचं. पुण्याकडची आई ४५ किलोची, बाळ पावणेतीनलाही न पोचलेलं. पोट नि दंड बारीक, पण पाठीवरची चरबी त्या मानाने शाबूत. म्हणजे मूल दिसायला किडकिडीत आणि आतून मधुमेहाच्या वाटेला लागलेलं. गावांतल्या दोनतृतीयांश आयांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी. ज्या पालेभाजी, दूध, फळं जास्त खात होत्या त्यांची बाळं थोडी थोराड. जनुकांचा यात हात नाही असं कोणी म्हणत नाही, पण सहा गावांत ऑक्सिजनचा नळ कोण पिळत होतं, ते सांगायला हक्स्ली लागत नाही.

आता नीतिमत्ता. ब्रिटनच्या कायद्याने जनुकं बदललेला गर्भ गर्भाशयात सोडता येत नाही. भारतात वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) मार्गदर्शक तत्त्वांतही तीच मनाई. चीनचे शास्त्रज्ञ हे जियानक्वी यांनी २०१८ साली तशा जुळ्या मुली जन्माला आल्याचं जाहीर केलं आणि तीन वर्षं तुरुंगात गेले. योग्यच झालं. पण पोटुशी बाईला अर्धपोटी ठेवायला कुठल्याही नीतिसमितीची सही लागत नाही. डोहाळजेवणाला फुलांची वाडी भरायची, झोपाळ्यावर बसवून फोटो काढायचे, आणि एरवी सगळ्यांची पानं उठल्यावर पातेल्याच्या तळाशी उरेल ते तिने पुसून खायचं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तशातली गत.

बरं, उपाय करून पाहिला नाही असंही नाही. मुंबईच्या झोपडपट्टीतल्या बायकांना गर्भारपणाच्या आधीपासून रोज पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला ताजा खाऊ दिला गेला. साउथहॅम्प्टनची मंडळी यातही होती. सगळ्यांचा मिळून हिशेब केला तर बाळांच्या वजनात ठाम फरक दिसला नाही. किमान तीन महिने आधी खायला लागलेल्यांची बाळं सरासरी सुमारे ४८ ग्रॅमनी भरली. त्यातही फायदा अंगाने बऱ्या असलेल्या आयांच्या बाळांना झाला, अगदी काटकुळ्यांच्या बाळांना नाही. जन्मभराची उपासमार काही महिन्यांच्या खाऊने फिटत नाही, हे कुठल्याही सासूला ठाऊक असतं. कबूल करायला मात्र नियंत्रित चाचणी लागते.

आणि जिथे कात्री खरोखर कामाला येते, तिथलं दरपत्रकही बघून घ्या. सिकलसेल या रक्ताच्या आजारावरच्या जनुक-संपादनाच्या उपचाराला जगात पहिली मान्यता ब्रिटनने दिली, नोव्हेंबर २०२३मध्ये. बदल रुग्णाच्या स्वतःच्या रक्तपेशींत होतो, पुढच्या पिढीत जात नाही, त्यामुळे नीतीवाल्यांचीही तशी हरकत नाही. ब्रिटनमधली छापील किंमत माणशी साडेसोळा लाख पौंड. सिकलसेल गडचिरोलीत आहे, नंदुरबारमध्ये आहे. ‘गॅटाका’तली जनुकांवरून लावलेली वर्गवारी आणायला हुकूमशहा कशाला हवा, बिल पुरेसं आहे.

शेवटी आपल्या विज्ञानकथांकडे वळू. १९७४ साली जयंत नारळीकरांनी नारायण विनायक जगताप या नावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा धाडली आणि पहिलं बक्षीस घेतलं. तेव्हापासून मराठीत कृष्णविवरं झाली, क्लोन झाले, यंत्रमानव तर पायलीचे पन्नास. विज्ञानकथा लिहिणाऱ्यांनो, आता एक कथा अशी पाठवा, जिच्यातल्या खलनायकाकडे प्रयोगशाळाच नाही. बी-१२ची स्वस्तातली गोळी न पोचलेलं एक गाव आणि बाईने शेवटी जेवायचं ही रीत, एवढं सामान पुरे. टोपणनाव हवं ते घ्या.